नकाराचं बिल

२६ मार्च २००७ रोजी उत्तर आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात, विधानसभेच्या स्टॉरमाँट इमारतीत दोन माणसं एका टेबलाशी बसली. बसायचं कसं, यावरच आधी बराच घोळ झाला होता. एका पक्षाला समोरासमोर बसायचं होतं, कारण शेजारी बसलं की सोबती दिसतात. दुसऱ्या पक्षाला शेजारी बसायचं होतं, कारण समोरासमोर बसलं की शत्रू दिसतात. शेवटी कुणीतरी डोकेबाज अधिकाऱ्याने टेबलं अशी जुळवली की चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा आकार तयार झाला आणि त्याच्या एका टोकाला दोघांच्या खुर्च्या आल्या. धड समोर नाही, धड शेजारीही नाही, नुसता कोपऱ्याला कोपरा.

त्यातले एक होते अखंड आयर्लंड हवं असणाऱ्या शिन फेन पक्षाचे अध्यक्ष जेरी अ‍ॅडम्स. दुसरे, ब्रिटनबरोबरच राहू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे नेते रेव्हरंड इयन पेझली. वय ८०, पांढरे केस, आडवा-उभा देह आणि एरवी डोंगरापलीकडे ऐकू जाणारा, त्या दिवशी मात्र मुद्दाम खाली ठेवलेला आवाज. बाजूने टीव्हीचे कॅमेरे होते. दीड महिन्याने, ८ मे रोजी, पेझली उत्तर आयर्लंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले. त्यांच्या बरोबरीने डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर म्हणून शपथ घेतली मार्टिन मॅक्गिनेस यांनी, म्हणजे एकेकाळी डेरी शहरात आयआरए या शिन फेनशी जोडलेल्या सशस्त्र संघटनेचं नेतृत्व केलेल्या माणसाने. पुढे दोघे जिथे तिथे इतके खळखळून हसताना दिसायला लागले, की वर्तमानपत्रांनी त्यांना 'चकल ब्रदर्स' म्हणायला सुरुवात केली. सर्कशीतल्या विदूषकांच्या जोडीला शोभेल असं नाव.

या चित्रावर जगभर कौतुकाचे लेख आले. कट्टरातला कट्टर माणूस बदलला, आता कुणीही बदलू शकतो, असा त्यांचा सूर. २०१४ साली पेझली गेले तेव्हाही श्रद्धांजलीत हाच सूर लागला. मला तो तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. त्यांचं बदलणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न हिशेबाचा आहे. २००७ साली त्यांनी दोन्ही समाजांच्या ज्या संयुक्त सरकारला होकार दिला, त्याच्या जवळपासचं, आणि त्यांच्याच लोकांसाठी त्याहून बऱ्याच चांगल्या अटींवरचं, १९७४ साली ताटात वाढून समोर आलं होतं. ते ताट लाथाडणाऱ्यांत पेझली पुढे होते. मधली ३३ वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची?

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. 'युनियनिस्ट' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गिरणगाव, लाल बावटा आणि गेटमीटिंग येते. उत्तर आयर्लंडमधल्या युनियनिस्टांचा कामगार संघटनेशी संबंध नाही. त्यांची युनियन म्हणजे ब्रिटनशी असलेलं राजकीय एकत्व. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. सहा काउंट्यांचा ईशान्य तुकडा ब्रिटनकडे राहिला, उरलेला दक्षिण आयर्लंड वेगळा झाला. तिथे साधारण दोन तृतीयांश लोक प्रॉटेस्टंट होते आणि बहुतेक सगळे युनियनिस्ट. उरलेले एक तृतीयांश कॅथलिक, बहुतेक सगळे अखंड आयर्लंड हवं असणारे. पुढची पन्नास वर्षं स्टॉरमाँटवर एकाच युनियनिस्ट पक्षाची सत्ता होती. स्थानिक निवडणुकीत मत घर असणाऱ्याला, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्याला, आणि घरं वाटणारं मंडळ युनियनिस्टांच्या हातात. म्हणजे घर नाकारलं की मतही आपोआप नाकारलं जायचं. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, तरी वॉर्डांच्या सीमा अशा आखल्या होत्या की नगरपालिकेत बहुमत नेहमी युनियनिस्टांचं. हे सगळं कायद्याने चालायचं.

अशा प्रांतात, १९२६ साली, अर्मा गावी पेझली जन्मले आणि बॅलिमिना या गावात वाढले. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. मुलगाही त्याच वाटेने गेला, पण कुणाच्या हाताखाली राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. १९५१ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने फ्री प्रेस्बिटेरियन चर्च हे स्वतःचं चर्च काढलं आणि तो त्याचा प्रमुख झाला. ते पद २००८ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. १९६६ मध्ये 'प्रॉटेस्टंट टेलिग्राफ' हे स्वतःचं वर्तमानपत्र निघालं, त्याच सुमारास स्वतःच्या स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. १९७१ मध्ये स्वतःचा पक्ष आला, डेमॉक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी, म्हणजे डीयूपी. त्यांच्या कारकिर्दीचं मर्म मला इथे दिसतं. ज्या ज्या घरात कुणी वडीलधारा 'अरे, पुरे' म्हणू शकला असता, ते प्रत्येक घर सोडून त्यांनी शेजारी आपलं वेगळं घर बांधलं. त्यामुळे पन्नासेक वर्षं त्यांना 'पुरे' म्हणणारं कुणी उरलंच नाही.

बाकी त्यांना नुसता गळेकाढू प्रचारक समजणं चूक ठरेल. जून १९७० मध्ये ते नॉर्थ अँट्रिममधून ब्रिटिश संसदेत गेले आणि २०१० पर्यंत, सलग चाळीस वर्षं, ती जागा त्यांचीच होती. १९७९ पासून २००४ पर्यंत ते युरोपीय संसदेतही होते. युरोपच्या निवडणुकीत अख्खा उत्तर आयर्लंड एकच मतदारसंघ असायचा आणि पाचही वेळा पहिल्या क्रमांकाची मतं पेझलींना पडली. काही वर्षं तर ते लंडन, स्ट्रासबुर्ग आणि बेलफास्ट अशा तीन सभागृहांचे एकाच वेळी सभासद होते. मतदारसंघातल्या कॅथलिक शेतकऱ्याचं कामही ते मनापासून करत, हे त्यांचे विरोधकसुद्धा मान्य करतात. युरोपात शेतीच्या प्रश्नांवर त्यांचं आणि कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांचं चांगलं जमायचं. मायदेशी एकमेकांविरुद्ध रान उठवणारे हे दोघे ब्रुसेल्समध्ये दुधाच्या भावावर खांद्याला खांदा लावून भांडत. या माणसाला तडजोड कळत नव्हती असं म्हणायची सोयच नाही. त्याला ती चांगली कळत होती. फक्त आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, ती दिसू द्यायची नव्हती.

त्यांनी पहिला राजकीय बळी घेतला टेरेन्स ओनील यांचा. ओनील हे १९६३ पासून स्टॉरमाँटचे पंतप्रधान, उमराव घराण्यातले, थोडे अवघडलेले, पण काळाची चाहूल लागलेले. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी दक्षिण आयर्लंडचे पंतप्रधान शॉन लेमास यांना स्टॉरमाँटला जेवायला बोलावलं. फाळणीनंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. पेझलींनी 'ओनील मस्ट गो'ची मोहीम उघडली. डिसेंबर १९६७ मध्ये लेमास यांच्या जागी आलेले जॅक लिंच भेटीला आले, तेव्हा पेझलींनी आणि त्यांच्या माणसांनी त्यांच्या गाडीवर बर्फाचे गोळे फेकले. चाळिशी ओलांडलेला धर्मोपदेशक, अंगात काळा कोट, हातात बर्फाचा गोळा! हसू येण्यासारखंच आहे, आणि तेव्हाही पुष्कळ लोक हसलेच. पण १९६४ मध्ये बेलफास्टच्या डिव्हिस स्ट्रीटवर, एका कार्यालयाच्या खिडकीतला आयरिश तिरंगा मी स्वतः येऊन काढीन, अशी धमकी याच पेझलींनी दिली होती. पोलिसांनी आधीच घुसून झेंडा काढला आणि त्यावरून शहरात कित्येक वर्षांतली सगळ्यात वाईट दंगल पेटली. १९६६ मध्ये यूव्हीएफ या लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या कट्टर प्रॉटेस्टंटांच्या, सशस्त्र टोळीने एका अठरा वर्षांच्या कॅथलिक पोराला गोळ्या घातल्या. त्यातल्या एका आरोपीच्या जबाबात नोंद आहे की, त्या पेझली नावाच्या माणसाबद्दल आपण कधी ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारी १९६९ च्या निवडणुकीत पेझली ओनील यांच्याच बॅनसाइड मतदारसंघात उभे राहिले. ओनील जिंकले, पण जेमतेम चौदाशे मतांनी. ज्या जागेवर पूर्वी त्यांच्याविरुद्ध कुणी उभंही राहत नसे, तिथे पंतप्रधानाचं नाक कापलं गेलं. त्यानंतर वीज आणि पाणीपुरवठ्यावर स्फोट झाले. सगळ्यांनी आयआरएकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात ते घडवले होते लॉयलिस्टांनी, ओनील पडावेत म्हणून. एप्रिलअखेर ओनील यांनी राजीनामा दिला. वर्षभराने झालेल्या पोटनिवडणुकीत बॅनसाइडची जागा पेझलींनी घेतली. पुढे उमराव झाल्यावर त्यांनी नावही तेच घेतलं, लॉर्ड बॅनसाइड.

ओनील काय देऊ पाहत होते? प्रत्येकाला स्थानिक निवडणुकीत एक मत, घरवाटपात थोडी शिस्त, दक्षिणेशी बोलणं. बस, एवढंच. आयआरएची नवी शाखा, म्हणजे प्रोव्हिजनल आयआरए, तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

दुसरे बळी ब्रायन फॉकनर. १९७२ मध्ये लंडनने स्टॉरमाँट बरखास्त केलं होतं. १९७३ च्या अखेरीस सनिंगडेल इथे करार झाला आणि जानेवारी १९७४ मध्ये एक संयुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आलं. अकरा मंत्री, त्यात सहा युनियनिस्ट, चार मवाळ कॅथलिक पक्षाचे, एक मधल्या अलायन्स पक्षाचा. प्रमुख युनियनिस्ट, उपप्रमुख कॅथलिक. तेव्हाच्या प्रोव्हिजनल आयआरएशी संबंध असलेला एकही माणूस त्यात नव्हता. हे तक्ते मी पुन्हा पुन्हा काढून बघतो, कारण २००७ च्या मंत्रिमंडळाशेजारी ठेवले की युनियनिस्टांनी काय हातचं घालवलं ते स्पष्ट दिसतं.

हे मंत्रिमंडळ पाच महिने टिकलं. १५ मे १९७४ रोजी अल्स्टर वर्कर्स कौन्सिलने संप पुकारला. (आता इथे मात्र खरोखरच कामगार होते!) बॅलिलमफर्डच्या वीजकेंद्रातले कामगार लॉयलिस्ट होते. त्यांनी वीज थोडी थोडी बंद करत नेली. रस्त्यांवर सशस्त्र टोळ्यांनी अडथळे उभारले, दूध आणि पेट्रोल कुणाला मिळणार हे संपाची समिती ठरवू लागली. चौदाव्या दिवशी फॉकनर यांनी राजीनामा दिला. योगायोग असा की त्याच मे महिन्यात आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिसांचा रेल्वे संप चालू होता. ८ मेला सुरू झालेला तो संप सरकारने हजारो अटका करून मोडला आणि २७ मेला तो मागे घ्यावा लागला. तिकडे दुसऱ्याच दिवशी, २८ मेला, सरकार पडलं. एका महिन्यात दोन संप झाले. पोटासाठी केलेला हरला, आणि शेजाऱ्याला सत्तेत वाटा मिळू नये म्हणून केलेला जिंकला.

संप पेझलींनी सुरू केला नव्हता. पहिले काही दिवस तर ते कॅनडात होते. परतले, वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते पाहिलं आणि व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. याच संपादरम्यान १७ मे रोजी दक्षिण आयर्लंडमधल्या डब्लिन आणि मोनाहन इथे यूव्हीएफने बाँबस्फोट केले. त्यांत ३३ माणसं मेली. १९७७ मध्ये पेझलींनी असाच दुसरा संप करून पाहिला आणि हा फसला तर राजकारण सोडीन, असं जाहीर केलं. या खेपेला वीजकेंद्राच्या कामगारांनी साथ दिली नाही आणि संप फसला. राजकारण मात्र सुटलं नाही.

सनिंगडेल मोडल्यावर पंचवीस वर्षं उत्तर आयर्लंडचा कारभार लंडनहून चालला. युनियनिस्टांना जे टाळायचं होतं, ते याच रिकाम्या जागेत घडलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्गारेट थॅचर आणि दक्षिणेचे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी परस्पर करार केला आणि उत्तरेच्या कारभारात डब्लिनला, म्हणजे दक्षिणेच्या सरकारला, सल्ल्याचा अधिकार मिळाला. युनियनिस्टांना विचारलंही नव्हतं. इथे पेझलींच्या संतापाला पूर्ण आधार होता, हे मान्य करायला हवं. ज्यांच्या घराबद्दल बोलणी चालली होती, त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. २३ नोव्हेंबरला बेलफास्ट सिटी हॉलसमोर प्रचंड सभा झाली आणि तिथे पेझलींनी 'नेव्हर' हा एकच शब्द आरोळीसारखा पुन्हा पुन्हा उच्चारला. ती चित्रफीत आजही यूट्यूबवर आहे. मी ती अनेकदा पाहिली आहे आणि कबूल करतो, अंगावर काटा येतो. इतका जबरदस्त वक्ता 'हो'साठी वापरला गेला असता तर?

पण सभेनंतर काय? युनियनिस्ट खासदारांनी, पंधराही जणांनी, राजीनामे दिले, म्हणजे पोटनिवडणुकीतून जनमत दिसेल. जनमत दिसलं, आणि एक जागा कॅथलिक नेते शेमस मॅलन यांच्याकडे गेली. थॅचर यांनी करार मागे घेतला नाही. फॉकनर यांचं मंत्रिमंडळ टिकलं असतं तर लंडनला डब्लिनशी असं थेट बोलायचं कारणच फारसं उरलं नसतं. आपण बसत नाही म्हणून ती खुर्ची काही रिकामी राहत नाही.

१९८१ च्या फेब्रुवारीतली एक रात्र मला विसरता येत नाही. पेझलींनी काही पत्रकारांना अँट्रिममधल्या एका टेकडीवर नेलं. काळोखात पाचशेएक पुरुष रांगेत उभे. इशारा होताच सगळ्यांनी हात वर केले. हातांत बंदुका नव्हत्या, कागद होते. बंदुकीच्या परवान्याचे. पेझलींच्या राजकारणाचं याहून नेमकं चित्र मला सापडलेलं नाही. हत्यार दिसलं नाही, पण आहे हे दिसलं. कायदा मोडला नाही, पण कायदा कसा मोडता येईल ते दाखवलं. पेझलींनी कुणाचा खून करवला असा पुरावा नाही आणि लॉयलिस्ट टोळ्यांचा ते जाहीर निषेधही करत. पण त्या टोळ्यांतली कित्येक पोरं पुढे तुरुंगात बसून सांगत राहिली की आम्ही ही भाषणं ऐकत मोठे झालो, आणि आम्ही आत गेलो तेव्हा भाषण करणारा बाहेरच राहिला. लॉयलिस्ट वस्त्यांमधला हा राग आजही जिवंत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकडोळ्या होईल. साठच्या दशकाच्या अखेरीपासून चाललेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं मेली आणि त्यातली निम्म्याच्या आसपास प्रोव्हिजनल आयआरएने मारली. सीमेलगतच्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्याला दाराशी आलेल्या गाडीची भीती वाटायची, आणि ती भीती पेझलींनी तयार केलेली नव्हती. त्यांनी तिला आवाज दिला. लोकांनी चाळीस वर्षं मतं दिली ती भोळेपणाने दिली असं मानणं म्हणजे त्यांचा अपमान आहे.

तिसरे बळी डेव्हिड ट्रिंबल. हिंसाचार थांबवून सत्ता वाटून घेण्याचा १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार ट्रिंबल यांनी जुन्या युनियनिस्ट पक्षाच्या वतीने स्वीकारला. शिन फेन चर्चेत येताच पेझली आदल्या वर्षीच बाहेर पडले होते. सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी कराराला होकार दिला. ट्रिंबल आणि ह्यूम यांना नोबेल मिळालं. मॅलन यांनी कराराचं वर्णन केलं, 'मंद विद्यार्थ्यांसाठी सनिंगडेल'. ही कोटी फार गाजली, आणि तिचा रोख दोन्ही बाजूंच्या कट्टरांवर होता. पुढची पाच वर्षं आयआरए शस्त्रं टाकायला चालढकल करत राहिली आणि प्रत्येक चालढकलीला पेझलींची मतं वाढत गेली. २००३ मध्ये डीयूपी ३० जागा घेऊन विधानसभेत सगळ्यात मोठा पक्ष झाला. २००५ मध्ये ब्रिटिश संसदेत डीयूपीचे नऊ खासदार गेले, जुन्या पक्षाचा एकच. ट्रिंबल यांची स्वतःची जागाही गेली.

आणि मग, वाटेत कुणीच उरलं नाही तेव्हा, पेझलींनी करार केला.

ऑक्टोबर २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला बोलणी झाली. शेवटच्या दिवशी पेझली आणि त्यांच्या पत्नी आयलीन यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. दक्षिणेचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी त्यांना भेट दिली एक लाकडी वाटी, बॉयनच्या रणभूमीवरच्या अक्रोडाच्या झाडाची. बॉयन म्हणजे १६९० साली प्रॉटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं ते ठिकाण. युनियनिस्ट दरवर्षी जुलैत त्या विजयाच्या मिरवणुका काढतात. पुढच्या मे महिन्यात पेझली स्वतः बॉयनला गेले आणि अहर्न यांना त्यांनी १६८५ सालची एक बंदूक भेट दिली. ज्या माणसाने १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप जॉन पॉल दुसरे यांना तोंडावर 'ख्रिस्तविरोधी' म्हणून हाकारलं होतं, तो आता डब्लिनच्या पंतप्रधानाला बंदूक भेट देत होता, आणि दोघे हसत होते. यातलं माणूसपण नाकारायला मन धजत नाही. मॅक्गिनेस यांनी सांगितलं होतं की २६ मार्चच्या आधी आपण आणि पेझली एकमेकांशी हवापाण्याबद्दलही बोललो नव्हतो. पेझली गेल्यावर त्यांनीच म्हटलं, मी एक मित्र गमावला. मला ते खरं वाटतं.

मग पेझलींची बाजू घेणारे म्हणतात ते काय? 'हे फक्त तेच करू शकत होते.' या दाव्याला त्याच्या पूर्ण ताकदीनिशी उत्तर द्यायला हवं. ट्रिंबल यांना जे मिळालं नाही ते पेझलींनी मिळवलं, ही वस्तुस्थिती आहे. सप्टेंबर २००५ मध्ये आयआरएची शस्त्रं निकामी झाल्याचं आंतरराष्ट्रीय आयोगाने जाहीर केलं. जानेवारी २००७ मध्ये शिन फेनने पहिल्यांदा पोलीसदलाला मान्यता दिली. या दोन्ही गोष्टींशिवाय टेबलाशी येणार नाही, हा पेझलींचा हट्ट होता आणि तो योग्य होता. त्या चार वर्षांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण त्या चार वर्षांच्या हट्टाने आधीची पस्तीस वर्षं धुतली जात नाहीत. 'फक्त तेच करू शकत होते' हे वाक्य खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच ते त्यांच्याविरुद्धचं आरोपपत्र आहे. दुसरं कुणी का करू शकत नव्हतं? ओनील यांनी केलं असतं, त्यांना यांनी पाडलं. फॉकनर यांनी करून दाखवलं होतं, त्यांना पाडणाऱ्यांत हे होते. ट्रिंबल यांनी अर्धं केलं, त्यांच्या पाठीवर बसूनच हे वर आले. पुण्यामुंबईत सोसायटीच्या पुनर्विकासात असा एक सभासद हमखास सापडतो. वीस वर्षं तो सही देत नाही. प्रत्येक बिल्डरला पळवून लावतो. शेवटी सगळे थकतात, बाजारभाव पडतो आणि कमी चौरस फुटांवर तो सही करतो. सभेत त्याला नारळ आणि शाल. अध्यक्ष म्हणतात, यांच्यामुळेच हे शक्य झालं.

चौरस फूट खरोखर कमी झाले, हा माझा मुद्दा. १९७४ ला युनियनिस्टांना प्रमुखपद आणि अकरापैकी सहा मंत्री मिळत होते, सोबतीला सौम्य कॅथलिक नेते. २००७ ला दोन्ही प्रमुखपदं समान अधिकारांची, एकाची सही नसेल तर दुसऱ्याची कुचकामी, आणि सोबतीला शिन फेन. दर नकारानंतर पुढचा सौदा आधीच्याहून महाग पडला. पेझलींचे कॅथलिक टीकाकार त्यांनी कॅथलिकांचं काय केलं ते सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला वाटतं त्यांनी सगळ्यात मोठं नुकसान केलं ते ज्यांचा कैवार घेतला त्या युनियनिस्टांचंच.

सेंट अँड्र्यूजनंतरच्या कायद्यातली एक छोटी कलमदुरुस्ती याचा उत्तम नमुना आहे. १९९८ च्या पद्धतीत फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी यांची जोडी विधानसभा मतदानाने एकत्र निवडत असे. आपल्या आमदारांना मॅक्गिनेस यांच्या नावाला हात वर करावा लागू नये, ही डीयूपीची अडचण होती. म्हणून नियम बदलला आणि व्यवहारात असं ठरलं की सगळ्यात मोठ्या पक्षाने फर्स्ट मिनिस्टर नेमायचा. डीयूपीला त्याचा आणखी एक फायदा झाला. दर निवडणुकीत सांगता यायचं, आम्हाला मतं द्या, नाहीतर मॅक्गिनेस फर्स्ट मिनिस्टर होतील. मे २०२२ मध्ये शिन फेनने २७ जागा घेतल्या, डीयूपीने २५. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारनियमांवरून डीयूपीने दोन वर्षं सरकार अडवून ठेवलं आणि ३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिन फेनच्या मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाल्या. ज्या ओनीलना पेझलींनी पाडलं त्यांचंच आडनाव, हा निव्वळ योगायोग. कलम मात्र योगायोगाने आलेलं नव्हतं.

खुद्द पेझलींना बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. ज्या चर्चला त्यांनी जन्म दिला, तिथल्याच लोकांची शिन फेनबरोबरच्या सत्तेवरून कुरकुर सुरू झाली आणि जानेवारी २००८ मध्ये ५७ वर्षांनी त्यांना प्रमुखपद सोडावं लागलं. जूनमध्ये फर्स्ट मिनिस्टरपदही सुटलं आणि पीटर रॉबिन्सन आले. पक्षानेच आपल्याला बाहेर काढलं, असं ते पुढे उघड म्हणाले. कुणाचंही 'पुरे' ऐकायला लागू नये म्हणून बांधलेल्या दोन्ही घरांनी त्यांना पहिल्यांदा 'पुरे' म्हटलं ते नेमकं ते चांगलं काम करत असताना. पन्नास वर्षं ज्या श्रोत्यांना तडजोड म्हणजे गद्दारी हे शिकवलं, त्यांनी धडा नीट पाठ केला होता, एवढाच त्याचा अर्थ.

मृत्यूच्या काही महिने आधी, २०१४ च्या जानेवारीत, त्यांची दीर्घ मुलाखत टीव्हीवर दाखवली गेली. त्यात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. १९७४ च्या डब्लिन स्फोटांबद्दल ते म्हणाले, त्याचा आपल्याला धक्का बसला होता, पण दक्षिणेच्या राजकारण्यांनी ते आपल्या वागण्याने ओढवून घेतलं. ३३ माणसांच्या मरणाबद्दल चाळीस वर्षांनी बोलताना असं. दुसरी गोष्ट साठच्या दशकातल्या नागरी हक्क चळवळीबद्दल होती. ज्या चळवळीच्या मोर्चासमोर आपली माणसं उभी केल्याबद्दल त्यांनी १९६९ मध्ये तुरुंगवास भोगला, तिच्या मूळ मागणीबद्दल ते म्हणाले की तेव्हा प्रत्येकाला एक मत नव्हतं, आणि कुठलाही देश असा चालवायचा नसतो.

हे वाक्य १९६९ च्या फेब्रुवारीत बॅनसाइडच्या कुठल्याही सभेत म्हणता आलं असतं. ओनील तेच तर म्हणत होते.

पेझलींनंतर नॉर्थ अँट्रिमची जागा २०१० मध्ये त्यांच्या मुलाकडे, इयन पेझली ज्युनियर यांच्याकडे गेली. श्रीलंका सरकारच्या खर्चाने केलेल्या कौटुंबिक सहली जाहीर न केल्याबद्दल २०१८ मध्ये संसदेने त्यांना तीस बैठकांसाठी निलंबित केलं, तरी जागा टिकली होती. जुलै २०२४ च्या निवडणुकीत ती गेली. मुलाच्या पराभवाला त्याची स्वतःची कारणंही असतील, पण हरवलं कुणी ते पाहण्यासारखं आहे. जिम अ‍ॅलिस्टर हे एकेकाळी डीयूपीचेच. २००७ मध्ये पेझली शिन फेनबरोबर सत्तेत बसायला तयार झाले म्हणून ते पक्ष सोडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढला. तेव्हापासून ते बॅलिमिनाच्या आसपास तेच भाषण करत फिरत होते, जे त्या गावाने थोरल्या पेझलींच्या तोंडून १९६० च्या दशकात ऐकलं होतं. चौपन्न वर्षं एका घरात राहिलेली जागा ते ४५० मतांनी घेऊन गेले.